जुन्या जीपला पुन्हा नायलॉनचे मड टायर : मार्च ते जुलै 2023 मधील अनुभव

जुन्या फोर बाय फोर गाडीला पुन्हा जुन्या घडणीचे मड टायर बसवावेत, अशी इच्छा अलीकडे बरेच जण बोलून दाखवतात. परंतु ते मुंबईत मिळतात कुठे, कोणत्या मापाचे घ्यावेत, आरटीओची त्याला हरकत असते का, आणि असे टायर लावून पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी नीट चालते का, याची सलग माहिती मला मराठीत कुठे सापडली नव्हती. 2023 साली टायरबदल आणि नोंदणीचे नूतनीकरण ही दोन्ही कामे माझ्यासमोर एकाच वेळी आली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत ते टायर कसे वागले हेही आता पाहून झाले आहे, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

गाडी 1993 सालची महिंद्रा एमएम 540, डिझेल. ती मूळ माझ्या काकांची. 2021 मध्ये त्यांनी ती माझ्या नावावर केली आणि फॉर्म 29 व फॉर्म 30 भरून हस्तांतर झाले. मी मुलुंडला राहते, पण जीपचे खरे काम शहापूर तालुक्यातील आमच्या शेतावर आहे. डांबरी रस्ता सोडल्यानंतर घरापर्यंत दीडेक किलोमीटरचा कच्चा रस्ता लागतो. वरचा वीतभर थर चिकणमातीचा आहे आणि त्याखाली घट्ट मुरूम. उन्हाळ्यात त्या रस्त्याने कोणतीही गाडी जाते. जुलैमध्ये भाताची लावणी सुरू झाली की चिखलणी करणारे ट्रॅक्टर त्याच वाटेने ये-जा करतात आणि रस्त्याचा वरचा थर पार लगदा होतो.

2020 मध्ये माझ्या चुलत भावाने या जीपला 15 इंची अलॉय रिम आणि 235/75 आर 15 मापाचे रुंद रेडियल टायर बसवले होते. गाडी दिसायला भारदस्त झाली होती आणि महामार्गावर शांत चालत होती. पण 2022 च्या पावसाळ्यात ती आमच्या त्या रस्त्यावर वारंवार रुतली. टायरच्या नक्षीतील बारीक खाचा पहिल्या काही मीटरांतच चिकणमातीने बुजून जात आणि त्यानंतर चारही चाके गुळगुळीत झाल्यासारखी फिरत राहत. प्रत्येक वेळी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर बोलवावा लागे. लावणीच्या दिवसांत दुसऱ्याचा ट्रॅक्टर अर्धा तास अडकवून ठेवणे किती जड जाते, हे शेतकऱ्यांच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या शेताची देखभाल करणारे गृहस्थ त्या वर्षी मला म्हणाले, “ताई, काकांच्या वेळंला हीच गाडी होती, तवा कधी रुतली नाय. ते बारीक टायर होते ना, ते खालचा मुरूम धरायचे.” त्या वाक्यावरून मी शोध सुरू केला.

काकांकडे गाडीची मूळ पुस्तिका होती. तीत टायरचे माप 6.00-16 असे दिले आहे. ज्यांना ही लिखाणाची पद्धत नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते : 6.00 म्हणजे टायरची इंचांतील रुंदी आणि 16 म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. मधली आडवी रेघ टायर जुन्या, म्हणजे तिरप्या थरांच्या घडणीचा असल्याचे दाखवते. रेडियल टायर असेल तर त्या जागी ‘आर’ हे अक्षर असते. मुंबईतील टायरच्या दुकानांत या जुन्या घडणीला सर्रास ‘नायलॉन’ म्हणतात, कारण त्यातील धाग्यांचे थर नायलॉनचे असतात. हे थर एकमेकांना तिरके छेदत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात, त्यामुळे टायरची बाजू जाड आणि चिवट होते. रेडियलमध्ये धागे सरळ आडवे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. म्हणून रेडियल महामार्गावर थंड, सरळ आणि शांत चालतो. बाजूची भिंत मात्र पातळ राहते, आणि तिथे खुंट किंवा धारदार दगड लागला तर टायर बहुधा निकामी होतो.

मी दोन्ही मापांचा हिशोब करून पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच ठरला. 235/75 आर 15 टायरची उंची सुमारे 733 मिलिमीटर येते आणि 6.00-16 ची साधारण 730 मिलिमीटर. म्हणजे उंचीत फरक जवळजवळ नाही; फरक आहे तो रुंदीत. एक टायर 235 मिलिमीटर रुंद, दुसरा 160 च्या आसपास. गाडीचे वजन तेच आणि टेकणारी जागा कमी, म्हणून अरुंद टायर मातीवर जास्त दाब देतो आणि वरचा लगदा कापून खाली जातो. खाली मुरुमासारखा घट्ट थर असेल तर त्याला तिथे पकड मिळते. जिथे खाली काहीच घट्ट नाही, उदाहरणार्थ खाडीकाठची खार जमीन किंवा समुद्राची वाळू, तिथे हाच अरुंद टायर खोल रुततो आणि रुंद टायर कमी हवेवर तरून जातो. त्यामुळे ‘मड टायर कोणता चांगला’ याचे एकच उत्तर नसते. आपल्या वाटेवर पहार खुपसून खाली काय आहे ते आधी पाहावे.

मार्चमध्ये मी बाहेरच्या देशांतील टायरांचीही चौकशी केली. अमेरिकेत 1970 च्या दशकात लुइझियाना राज्यातील इंटरको कंपनीचे सुपर स्वॅम्पर टीएसएल हे टायर चिखलातील गाड्यांसाठी प्रसिद्ध झाले. टीएसएल म्हणजे तीन टप्प्यांचे लग; लग म्हणजे टायरवरचे उंच रबरी ठोकळे. मोठमोठे, एकमेकांपासून लांब ठेवलेले रबरी ठोकळे आणि तिरप्या थरांची जाड बाजू, ही त्यांची ओळख. 1980 मध्ये बीएफगुडरिचने मड-टेरेन टीए हा रेडियल मड टायर आणला. पुढे रेडियल मड टायर सर्वत्र रुळले आणि जुनी घडण मागे पडली. आता जुन्या गाड्या मूळ रूपात जपणारे आणि खऱ्या चिखलात जाणारे लोक तिच्याकडे पुन्हा वळत आहेत. तो ओढा मला समजतो. परंतु तसे टायर मुंबईत मागवणे सामान्य माणसासाठी व्यवहार्य नाही. जून 2020 मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात ‘निर्बंधित’ वर्गात टाकली, म्हणजे त्यासाठी परवाना लागतो. शिवाय इथे विकल्या जाणाऱ्या नव्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक असते. कोणी तुम्हाला चिन्ह नसलेले परदेशी मड टायर ‘आतून’ आणून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी बिल मिळेल का हे विचारा.

आणि बाहेर जाण्याची गरजही नाही. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून या देशात 6.00-16 मापाचे जीप टायर चालत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपवर असत तसे, दोन्ही दिशांना सारखीच पकड देणारे आडव्या ठोकळ्यांचे टायर याच मापाचे होते. गाडी रुतली की चालक आधी मागे घेऊन पाहतो, आणि मागे येतानाही टायरने तेवढीच माती धरावी, हा त्या नक्षीमागचा विचार. आजही देशी कंपन्या या मापात लग नक्षीचे नायलॉन टायर बनवतात. फक्त प्रत्येक दुकानात ते ठेवलेले नसतात.

शोधाच्या पहिल्या आठवड्यात मी मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यातील दुकानांत विचारले. बहुतेकांनी हे माप मागे पडल्याचे सांगितले. दोन ठिकाणी मात्र ‘आहे की’ म्हणत लगेच 6.00-16 चा टायर पुढे केला गेला. तो ट्रॅक्टरचा पुढचा टायर होता. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण माप अक्षरशः तेच असते आणि किंमत कमी असते. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर लांबीच्या दिशेने दोन-तीन उंच रिब असतात. त्या वळताना माती धरतात, पण चाक ओढत असताना पुढे ढकलण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या बाजूवर ए6 किंवा ए8 असे वेगचिन्ह असते, म्हणजे ताशी 30 किंवा 40 किलोमीटरपर्यंतच तो चालवायचा असतो. असा टायर लावून महामार्गावर 60 ने जाणे जिवाशी खेळणे आहे.

योग्य टायरचा पत्ता मला दुकानात नाही, तर ऑपेरा हाऊसच्या मोटार सुट्या भागांच्या बाजारात लागला. तिथे मी किंग पिनचे, म्हणजे पुढची चाके ज्यावर वळतात त्या खिळीचे, बेअरिंग शोधत होते. काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी विचारले, “कोणत्या गाडीला?” मी सांगितल्यावर ते म्हणाले, “टायर मूळचेच घाला. आणि कळंबोलीला बघा, ट्रकवाल्यांचे जे व्यापारी आहेत ते मागवून देतात.” कळंबोलीत खरोखरच एका व्यापाऱ्याने कंपनीच्या डेपोतून पाच टायर मागवण्याची तयारी दाखवली. आगाऊ 10,000 रुपये द्यायचे आणि तीन ते सहा आठवडे थांबायचे, अशी अट होती. मी बिलावर माप, ‘8 पीआर’ आणि ‘लग’ हे तिन्ही शब्द लिहून घेतले. पीआर म्हणजे थरांच्या ताकदीचा दर्जा. टायर पाचच घ्यावेत, चार नाहीत. स्टेपनी रेडियल आणि बाकी चार नायलॉन असतील, तर पंक्चर झाल्यावर एकाच अॅक्सलवर दोन घडणीचे टायर येतात. दोघांचे वळणावर वागणे वेगळे असते आणि ओल्या रस्त्यावर त्यातून गाडी फिरू शकते.

टायरची वाट पाहत असताना नोंदणीचे काम सुरू केले. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. माझ्या गाडीची मुदत 14 जून 2023 रोजी संपत होती. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात करावा असे मी आग्रहाने सुचवेन, कारण मुदत उलटून गेल्यास प्रत्येक महिन्याला 500 रुपये विलंबशुल्क लागते आणि तेवढ्या काळात गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा ठरते. 18 एप्रिल रोजी मी परिवहन संकेतस्थळावर फॉर्म 25 भरला. नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये होते. ते एप्रिल 2022 पासून वाढले आहे, त्याआधी 600 रुपये होते. जुन्या डिझेल गाडीसाठी पाच वर्षांचा पर्यावरण कर 3,500 रुपये भरला. कार्ड आणि टपालाचा किरकोळ खर्च वेगळा. 2023 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना जशी बंदी होती तशी महाराष्ट्रात नव्हती, हे अनेकांना माहीत नसते, आणि घाबरून ते चांगली गाडी भंगारात देतात.

कागदपत्रांत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा, तसेच चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागला. ठसा घेण्याआधी चेसिसवरचा गंज आणि ग्रीस घासलेटने पुसून घ्यावे; आकडे अस्पष्ट उठले तर काम तिथेच थांबते. पीयूसीसाठी इंजिन वीसेक मिनिटे चालवून पूर्ण गरम झाल्यावरच गाडी न्यावी. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज एकक असते. एअर फिल्टर स्वच्छ आणि डिझेल फिल्टर नवा असेल तर हे इंजिन त्या मर्यादेत आरामात राहते.

तपासणीची तारीख 4 मे मिळाली. रांग लांब होती आणि ऊन चढले होते. पाणी आणि टोपी सोबत न्यावी. मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, परावर्तक पट्ट्या पाहिल्या आणि मग ते चाकांपाशी थांबले. टायर मडगार्डच्या कडेबाहेर येत होते. त्यांनी विचारले, “कंपनीचं माप हेच आहे का?” मी पुस्तिका दाखवली आणि मूळ माप मागवले असल्याचे सांगितले. त्यांनी शांतपणे पण ठामपणे सांगितले की मूळ चाके लावून पुन्हा या. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली आहे. निरीक्षकांचे म्हणणे मला पटले. बाहेर पडताना मनात धास्ती मात्र होती, कारण मुदत संपायला सहा आठवड्यांहून कमी काळ उरला होता आणि टायर अजून डेपोतच होते.

एजंट सगळे ‘बघून घेतो’ म्हणतात. बाहेर दोघांनी मला तसे विचारलेही. मी नको म्हटले, कारण या कामात बघून घेण्यासारखे काही नव्हते. गाडीवर योग्य चाके चढवणे एवढेच काम होते.

रिमचा प्रश्न स्वतंत्र होता. अलॉय 15 इंची, म्हणून 16 इंची लोखंडी रिम शोधणे भाग होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या गाळ्यांत ती मिळतात. पाच बोल्टची, साडेपाच इंच पीसीडीची (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) रिम हवीत, हे कागदावर लिहून न्यावे. प्रत्येक रिम सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे, बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का हे ओल्या फडक्याने पुसून उजेडात तपासावे, आणि टायरची कड जिथे बसते तिथला गंज नखाने खरवडून पाहावा. मी ढिगातून निवडून पाच घेतली, प्रत्येकी 1,100 रुपयांना. भांडुपच्या एका गाळ्यात सँडब्लास्टिंग करून रंग दिला, त्याचे 3,000 झाले. गंज राहिला तर तो आतून ट्यूब घासतो आणि पंक्चर पुन्हा पुन्हा होते, म्हणून हा खर्च टाळू नये.

याच काळात पुढच्या अॅक्सलचे काम करून घेतले. किंग पिनचे बेअरिंग आणि स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडची टोके झिजलेली होती. नायलॉनचे लग टायर जड असतात आणि त्यांचा तोल रेडियलइतका काटेकोर नसतो. पुढच्या जोडांत ढिलाई असेल तर ताशी 50 च्या आसपास स्टेअरिंग थरथरू लागते, आणि दोष नाहक टायरला दिला जातो. सुट्या भागांसह 7,400 रुपये लागले. ज्यांना हा सगळा बदल करायचा आहे त्यांनी आधी हे काम करावे आणि मग टायर चढवावेत.

कळंबोलीहून 19 मे रोजी फोन आला. टायर प्रत्येकी 5,900 रुपये आणि ट्यूब प्रत्येकी 700 रुपये, त्या वेळचा 28 टक्के जीएसटी धरून. सप्टेंबर 2025 पासून हा कर 18 टक्के झाला आहे. ताब्यात घेताना प्रत्येक टायरच्या बाजूवरचा शेवटचा चार आकडी क्रमांक पाहिला. पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. मागणी कमी असलेल्या मापात गोदामात वर्षानुवर्षे पडलेला माल मिळण्याची शक्यता असते, म्हणून हे पाहणे आवश्यक आहे. माझे पाचही 2022 च्या शेवटच्या महिन्यांतील निघाले.

आधुनिक दुकानांतील यंत्रावर हे टायर चढवायला कोणी उत्साह दाखवला नाही. शेवटी ट्रकचे टायर हाताने चढवणाऱ्या भांडुपमधील एका मल्याळी गृहस्थांकडे गेले, आणि ती सकाळ मला फार काही शिकवून गेली. त्यांनी टायरच्या आत हात फिरवून कचरा नाही ना हे पाहिले, आत शंखजिऱ्याची पूड टाकली, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल केली, कडांना साबणाचे पाणी लावले आणि दोन टॉमींनी टायर रिमवर घेतला. मग पूर्ण हवा भरली, सगळी काढून टाकली आणि पुन्हा भरली. असे केले नाही तर ट्यूबला आत घडी राहते आणि तीच घडी काही महिन्यांनी फाटते. आमच्या रिमला मध्ये खोलगट भाग आहे, त्यामुळे ट्रकसारखा फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी, लागत नाही, असे त्यांनीच सांगितले. व्यापारी पाच फ्लॅप बिलात धरत होता, ते मी काढायला लावले होते. प्रत्येक चाकाचे 150 रुपये घेतले. अलाइनमेंटचे 600 झाले. आरटीओ सोडून रिमपासून अलाइनमेंटपर्यंतचा सगळा खर्च 50,000 रुपयांच्या थोडा वर गेला. जुने अलॉय टायरांसह 18,000 रुपयांना विकले गेल्यामुळे भार हलका झाला.

6 जूनला दुसरी तपासणी झाली. चाके मडगार्डच्या आत, माप पुस्तिकेतले, नक्षीची खोली भरपूर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 प्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि इथे तर नवे लग होते. काही मिनिटांत काम झाले. 9 जूनला संकेतस्थळावर मंजुरी दिसली. कार्ड टपालाने यायला पुढे बरेच आठवडे लागले, परंतु डिजिलॉकरमधील प्रमाणपत्र ग्राह्य असते, त्यामुळे अडले नाही.

नव्या टायरांवरचे पहिले काही दिवस अस्वस्थ करणारे होते, हे सांगितले पाहिजे. स्टेअरिंग हलके झाले, कारण टेकणारी रुंदी कमी झाली; पण गाडी सरळ रेषेत राहण्यासाठी सतत थोडे थोडे सावरावे लागते आणि काँक्रीटच्या जोडरेषांवर ती बाजूला ओढली जाते. 40 च्या पुढे घरघर सुरू होते आणि शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालच्या बाजूला किंचित चपटे होतात, हा नायलॉनचा स्वभाव आहे. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी ठकठक करते आणि टायर गरम झाले की ते थांबते. मी हे माहीत नसल्याने गॅरेजला फोन केला होता आणि मग शांत झाले. सर्वांत गंभीर बाब म्हणजे ओल्या डांबरावर आणि विशेषतः पेव्हर ब्लॉकवर ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर जास्त लागते, कारण मोठ्या ठोकळ्यांमुळे रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते. पावसात मी पुढच्या गाडीपासून पूर्वीच्या दुप्पट अंतर ठेवते आणि 60 च्या वर जात नाही. ज्यांची गाडी वर्षभर शहरातच फिरते त्यांनी हे टायर घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचल्याचे 25 जूनला जाहीर झाले. 1 जुलैच्या शनिवारी सकाळी भिवंडी, पडघा करत शहापूरला पोहोचले. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी थांबून पुढची चाकेही गाडी ओढू लागावीत म्हणून त्यांचे हब लॉक केले, हवा 28 वरून 20 पीएसआयवर आणली आणि कमी वेगाची पण जास्त ओढ देणाऱ्या लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली. ट्यूबच्या टायरमध्ये हवा याहून फार खाली नेऊ नये. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून तुटतो. गाडी थोडी खाली बसली, मग मुरूम लागल्याचे स्टेअरिंगमध्ये जाणवले आणि ती पुढे जात राहिली. मागच्या चाकांतून माती ढेकळांनी उडत होती, म्हणजे लगांमधल्या फटी आपोआप मोकळ्या होत होत्या. आदल्या वर्षी जिथे हमखास अडकायचे त्या ओढ्याच्या वळणावर एकदा थांबले, कारण पुढे चढ होता. मागे घेतली आणि पुन्हा चढवली. मागे येतानाही पकड सुटली नाही. दारात पोहोचल्यावर देखभाल करणाऱ्या दादांनी टायरांकडे पाहिले आणि “आता झाली काकांची गाडी” एवढेच म्हणाले. मला किती बरे वाटले हे लिहून नीट सांगता येणार नाही.

एक विनंती मात्र मनापासून करते. असे टायर लागले की चिखल दिसेल तिथे गाडी घालण्याचा मोह होतो. भाताच्या खाचरात किंवा बांधावर गाडी घालू नका. लग टायरने कापलेला बांध पुन्हा घालायला शेतकऱ्याचा पूर्ण दिवस जातो आणि तोपर्यंत खाचरातले पाणी वाहून जाते. आमच्या रस्त्यावरही मी आता पाऊस चालू असताना जात नाही, तो ओसरून तासभर गेल्यावर जाते, म्हणजे चाकोऱ्या खोल पडत नाहीत.

दरम्यानच्या काळात टायरांची झीज अपेक्षेपेक्षा समान झाली आहे. दर 5,000 किलोमीटरला स्टेपनीसह पाचही चाकांची अदलाबदल करते. ठोकळ्यांची एक कड जास्त झिजून दुसरी धारदार राहणे, हा लग टायरांचा नेहमीचा दोष त्यामुळे आटोक्यात राहिला. बाजूला खुंटाचे ओरखडे बरेच आहेत, पण एकही कापला गेलेला नाही. पंक्चर झाले ते खिळ्यांचे, आणि ट्यूब असल्यामुळे पडघ्याच्या रस्त्यावरील साध्या दुकानातही ते काढून मिळाले. परतताना डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरणे आवश्यक असते. कमी हवेवर वेगाने गेले तर तिरप्या थरांचा टायर झपाट्याने तापतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर कायम गाडीत ठेवते, तो 2,400 रुपयांना घेतला.

नोंदणीची पुढची मुदत जून 2028 मध्ये आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये केले आहे, त्यामुळे 2023 मधील माझ्या आकड्यांवर विसंबून राहू नये आणि अर्ज करण्यापूर्वी परिवहन संकेतस्थळावर चालू दर पाहावा. मूळ पुस्तिकेतील टायरमापाच्या पानाची रंगीत प्रत मी कागदपत्रांच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवली आहे. ज्यांच्याकडे पुस्तिका नाही त्यांनी ती जुन्या जीपच्या मालकांकडून किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारातून तपासणीच्या तारखेआधी मिळवावी.